मंदाची बाजू

रमजानात संध्याकाळी टीव्हीवर इफ्तारची तोफ उडाली, की जाब्रियातल्या आमच्या फ्लॅटमध्ये कुवेती माणसं मराठी बोलायला लागत.

हे काम बाईंचं. सोफ्याच्या मधोमध मांडी ठोकून बसायच्या, टीव्हीचा आवाज पार बारीक करायच्या आणि मालिकेतल्या कुणी तोंड उघडलं की त्याच्या बरोबरीनं आपण बोलायच्या. बापाचं बोलणं घसा खरवडून, मुलींचं पातळ आवाजात, म्हाताऱ्या आत्याचं नाकातून. आम्हा बाकीच्यांना अरबी कामापुरती यायची. 'तोंड उघडा', 'दुखतंय का', 'उद्या या'. बाई सव्वीस वर्षं कुवेतमध्ये होत्या आणि त्यांची अरबी, त्यांच्याच म्हणण्याप्रमाणे, अरबांपेक्षा बरी होती. त्यामुळे पडद्यावर काय चाललंय ते बाई सांगतील तेच.

नावंसुद्धा त्यांनी बदलून टाकलेली. त्या वर्षीच्या मालिकेत एक श्रीमंत बाप होता, त्याला त्या 'नाना' म्हणत. त्याला दोन मुली. थोरली, जिला घराबाहेर काढलं होतं, ती 'शालन'. धाकटी 'मंदा'. पडद्यावर धाकटीला नूरा म्हणून हाक मारत, ते आम्हाला ऐकू यायचं, पण आमच्या जिभेवर मंदाच बसलं होतं.

बाई एका मोठ्या हॉस्पिटलात ऑपरेशनची इन्स्ट्रुमेंट्स निर्जंतुक करून पाकीटबंद करायच्या विभागात होत्या. तिथं प्रत्येक पाकिटावर तारीख लागते. ती सवय त्यांनी घरी आणली. लोणच्याच्या बरणीवर तारीख, साबणावर तारीख, नव्या चपलेच्या आतल्या बाजूला तारीख. मी राहायला आले त्या दिवशी माझ्या खोलीच्या दारामागे त्यांनी पांढरी पट्टी चिकटवली आणि मार्करनं तारीख घातली.

"हे कशाला?" मी विचारलं.

"तू कधी उघडलीस ते कळायला हवं. सहा महिन्यांत बिघडलीस तर पट्टी काढून टाकीन."

रमजानात त्या रोजा धरायच्या. मूळच्या चिपळूणकडच्या, देवघरात गणपती. पण म्हणायच्या, "बाहेर सगळी माणसं उपाशी, आणि मी आत बसून चघळू काय?" फक्त चहा चालायचा. दिवसातून पाच वेळा.

"रोज्यात चहा कसा चालतो बाई?"

"मी विचारून घेतलंय."

"कुणाला?"

"हे बघ, प्रत्येक गोष्ट तुला सांगायला मी बांधलेली नाही."

सुट्टीवर जायच्या ते बरोबर अकरा दिवस. हॉस्पिटल महिनाभराची रजा द्यायला तयार असायचं. बाई अकराव्या दिवशी परत. पुण्याला एक थोरली बहीण होती, तिच्याकडेच उतरायच्या. येताना तिनं दिलेले कुळथाचं पीठ, आमसुलं, स्वतः शिवलेले सुती परकर असं सगळं आणायच्या आणि दोन दिवस कुणाशी बोलायच्या नाहीत. आम्ही समजायचो, घरची आठवण येत असेल.

भाड्याचा फ्लॅट बाईंच्या नावावर होता आणि आम्ही चौघी खोल्यांमधून राहायचो. त्यातली पहिली मी. पहिली चार वर्षं सोफ्यावर बाईंच्या डाव्या हाताला माझी जागा होती. नाशिकची लॅब टेक्निशियन आणि सांगलीची नर्स खाली गालिच्यावर बसायच्या. रंगात आल्या की बाई बोलता बोलता माझ्या मांडीवर थापट्या मारायच्या. भाताच्या तळाची खरपूस खरवड मला मिळायची. हे लिहिताना हसू येतं, पण त्या खरवडीसाठी पुढे मी काय काय केलं ते आठवलं की येत नाही.

पल्लवी माझी धाकटी बहीण. माझ्याहून चार वर्षांनी लहान. अंबाजोगाईला आमचे अप्पा कोर्टासमोर प्रतिज्ञापत्रं टाइप करायचे. संध्याकाळी घरी आले की दारातूनच हाक, "पल्लू!" मी दारातच उभी असले तरी हाक 'पल्लू'. ती दिसायला माझ्याहून उजवी, अभ्यासात माझ्याइतकीच, पण तिचे मार्क अप्पा चौकात जाऊन सांगायचे आणि माझे ऐकून 'बरं' म्हणायचे. तिला कुवेतला मीच आणलं. कागद मी जमवले, परीक्षेची तयारी फोनवरून मी करून घेतली. मी दाताच्या खासगी क्लिनिकमध्ये नर्स होते. तिला आल्या आल्या जहराच्या एका मोठ्या हॉस्पिटलात नोकरी लागली. अप्पांनी मला फोन करून सांगितलं, "बघ, पल्लूनं करून दाखवलं!"

क्लिनिकमध्ये दिवसभर सगळे आम्हाला 'सिस्टर, सिस्टर' करतात. सख्खी बहीण घरात आल्यावर मात्र मला तो शब्द नको झाला.

पहिल्याच आठवड्यात बाई तिला म्हणाल्या, "तू इथं बस गो. तुझी उंची कमी, खालून दिसायचं नाही." आणि पल्लवी बाईंच्या डाव्या हाताला बसली. मी स्वयंपाकघरातून कप घेऊन आले तर जागा गेलेली. मी गालिच्यावर बसले. माझी उंची तिच्याहून बोटभर कमीच आहे.

खरवडही गेली. बाई तिच्या केसांना तेल लावून द्यायला लागल्या. माझ्या केसांना चार वर्षांत कधी हात लावला नव्हता. मीही कधी म्हटलं नव्हतं. पल्लवी सरळ पुढ्यात जाऊन बसली आणि म्हणाली, "बाई, डोकं लई दुखायलंय." असं मागायचं असतं हे मला कुणी शिकवलंच नव्हतं.

तर त्या वर्षीची मालिका. बाईंनी सांगितलेली गोष्ट अशी. मंदानं बापाला येऊन सांगितलं होतं की शालनला परक्या माणसाच्या गाडीत पाहिलं. बापानं शालनला घराबाहेर काढलं. शालन गावाबाहेर एका खोलीत राहून शिवणकाम करत होती. इकडे मंदाला पश्चात्तापानं अन्न गोड लागत नव्हतं. रोज ती नानांच्या खोलीपाशी जायची, आज सांगतेच म्हणायची, आणि नेमकं काहीतरी आडवं यायचं. पाहुणे यायचे, नानांचं दुखणं निघायचं.

"सांग की बाई एकदाचं!" सांगलीची ओरडायची.

"सांगेल, सांगेल," बाई तिच्यावर डाफरायच्या. "सोपं असतं काय?"

एकदा पल्लवी म्हणाली, "पर बाई, ती तर हसायलीय."

"वरून हसत्ये गो. आत जळत्ये."

"डोळ्यांत तर पाणीच नाही."

"तुला पंधरा इंचांत काय काय दिसायला हवं?" टीव्ही चांगला मोठा होता, पण बाईंशी वाद घालायची रीत नव्हती.

रमजान अर्धा झाला होता. पल्लवीचं तिच्या हॉस्पिटलातल्या जोबी नावाच्या फिजिओथेरपिस्टशी जमलं होतं. मुलगा केरळचा, ख्रिश्चन, शांत. तिनं ते मला सांगितलं, आणि बाईंना. मला सांगायच्या आधी बाईंना सांगितलं होतं, हे मला नंतर कळलं. त्याच आठवड्यात तिच्या वॉर्डात दोघी आजारी पडल्या आणि तिला सलग डबल ड्युटी लागली. दोन दिवस ती हॉस्पिटलच्या हॉस्टेलवरच झोपली. बाईंनी रोज तिच्यासाठी डबा भरून हॉस्पिटलच्या बसच्या ड्रायव्हरकडे दिला. भाताबरोबर खरवडही, वेगळ्या छोट्या डब्यात.

तो छोटा डबा पाहिला त्या दुपारी मी गच्चीवर गेले. सगळीकडे डिश अँटेना आणि पाण्याच्या टाक्या. टाकीच्या सावलीत उभी राहून अप्पांना फोन लावला.

"अप्पा, तुम्हाला सांगायचं नव्हतं, पण उद्या काही झालं तर मलाच विचाराल." जोबीचं सांगितलं. ते खरंच होतं. मग मी म्हणाले, "परवापासून ती घरी आलेली नाही. दोन रात्री झाल्या."

अप्पांनी विचारलं, "कुठं आहे?"

"मला काय सांगून जाते का ती?"

ड्युटीचं मी बोलले नाही. एक शब्द बोलायचा होता, तो बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी पल्लवी घरी आली ती भिंत धरूनच. अप्पांनी तिला फोनवर सांगितलं होतं की माझ्या दाराची पायरी चढू नकोस, मला एकच मुलगी आहे. ती माझ्या मांडीवर डोकं ठेवून हमसून हमसून रडली. "मी ड्युटीचं सांगू लागले ताई, तर ऐकलंच नाही, फोन ठेवला. कुणी सांगितलं असंल गं अप्पांना?"

"आपल्याकडची माणसं इथं काय कमी आहेत? कुणीही सांगेल."

मी तिच्या केसांतून हात फिरवत होते आणि मला बरं वाटत होतं. खरं तेच लिहायचं तर फार बरं वाटत होतं. 'मला एकच मुलगी आहे' हे वाक्य मी मनातल्या मनात दोनदा म्हणून पाहिलं.

ते सुख दोनच दिवस टिकलं. तिसऱ्या दिवशी पल्लवी बाईंच्या मांडीवर होती. बाई तिला हातानं भरवत होत्या, मालिका लावायला विसरल्या होत्या, सगळा फ्लॅट तिच्याभोवती गोळा. घरातून काढलेली मुलगी म्हणून तिचे लाड आणखी वाढले होते. मी काढायला गेले आणि ती मधोमध जाऊन बसली.

त्यानंतरच्या सोमवारी क्लिनिकमध्ये पेशंट कमी होते. बाहेर बसायच्या जागी टीव्हीवर मालिकेचा आदल्या दिवशीचा भाग पुन्हा दाखवत होते, आणि रिसेप्शनवरच्या इजिप्शियन बाईनं आवाज मोठा ठेवला होता. मी उभ्या उभ्या पाहायला लागले. हा भाग बाईंनी आम्हाला सांगितला होता. मंदा शालनच्या खोलीवर येते आणि तिचे हात धरून म्हणते, "ताई, उद्या नानांना सगळं सांगणार. मला झोप नाही." आम्ही सगळ्या हुंदके देत होतो.

इथं ती मोठ्यानं बोलत होती आणि मला कळत होतं. इतकी वर्षं कुवेतच्या लेकरांच्या आया आणि आज्या ऐकलेल्या. कामापुरती म्हणता म्हणता किती साठलं होतं ते मलाच माहीत नव्हतं. 'बैती', ती म्हणत होती. माझं घर. 'अबूय'. माझे बाबा. तू परत आलीस तर मी नाही राहणार. ते घर माझं आहे, बाबा माझे आहेत. आणि ती हसत होती, ती खरोखरच हसत होती.

मी रिसेप्शनवरच्या बाईला विचारलं, ही पश्चात्ताप करते ना? ती माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, कसला पश्चात्ताप, पहिल्या दिवसापासून हीच सैतान आहे, सगळ्या कुवेतला माहीत आहे.

मला आनंद झाला. दुसऱ्यांना कळलं तर बाईंची काय लाज जाईल हे लगेच डोळ्यांपुढे आलं. आणि हेही, की हे मला एकटीला कळलंय, पल्लवीला नाही.

त्या संध्याकाळी सगळ्या जमल्या. पल्लवी बाईंच्या डाव्या हाताला. पडद्यावर मंदा आरशासमोर उभी राहून आत्याशी बोलत होती. बाईंनी पातळ आवाज काढला, "आत्याबाई, ताईची साडी मला नेसवत नाही हो. तिची आठवण..."

"बाई, ती असं म्हणत नाहीये," मी म्हणाले.

सगळ्या माझ्याकडे वळल्या.

मी रिमोट घेतला आणि आवाज मोठा केला. "ती म्हणतेय, हे कपडे आता माझे. तिच्या खोलीला कुलूप लावा. काल शालनच्या खोलीवर गेली तेव्हापण माफी मागितली नव्हती, धमकी दिली होती. मी क्लिनिकमध्ये ऐकलंय. बाई तुम्हाला रोज खोटं सांगतात. मंदाला कसलाही पश्चात्ताप झालेला नाही."

नाशिकची म्हणाली, "खरं का हो बाई?"

बाईंनी टीव्ही बंद केला. मांडी सोडली, चपला घातल्या. "हो," एवढंच म्हणाल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या. पल्लवीनं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं तसंच लहानपणी मी तिची बाहुली तोडली तेव्हा पाहिलं होतं. ती उठून खोलीत गेली. एकेक करून सगळ्या गेल्या.

थोड्या वेळानं मला आतून हाक आली. बाई ओट्याला टेकून उभ्या होत्या.

"अरबी चांगली झाली गो तुझी."

मी ओट्यावरचे कप आवरायला लागले.

"अप्पांना फोन तू केलास."

"काहीतरीच काय बाई."

"पल्लवी दोन दिवस घरी नव्हती, हे अंबाजोगाईला कसं कळलं? ते या फ्लॅटमधल्या पाच जणींना माहीत. आम्हा बाकीच्यांकडे तुझ्या वडलांचा नंबर नाही." त्या शांतपणे बोलत होत्या. "डबल ड्युटी होती, ते सांगायला विसरलीस काय?"

मला वाटलं होतं त्या ओरडतील. ओरडल्या असत्या तर मीही ओरडले असते. त्यांनी गॅसवर चहा ठेवला आणि पाठमोऱ्या सांगायला लागल्या.

त्यांच्या घरी अक्का थोरली, या धाकट्या. वडील बाजारातून आले की हाक अक्काला. अक्का हुशार, तिला डी.एड. करून मास्तरीण व्हायचं होतं. एक दिवस ती फॉर्म भरायला खाडीपलीकडे गेली. बरोबर शाळेतले गुरुजी होते. "मी तरीवर, खाडी ओलांडायच्या होडीत, दोघांना पाहिलं. फॉर्मचं मला माहीत होतं, तिनंच मला आदल्या दिवशी दाखवला होता. मी घरी येऊन सांगितलं, अक्का तरीवर एका पुरुषाबरोबर होती. बास. फॉर्मचं बोलले नाही. वडलांनी तिला रात्रभर अंगणात उभी केली आणि सकाळी घालवली. ती पुण्याला गेली. एका होस्टेलच्या मेसमध्ये पोळ्या लाटल्या जन्मभर. मास्तरीण व्हायची होती."

"तिला माहीत नाही, कुणी सांगितलं ते?"

"ती समजत्ये, घरातलं एकच माणूस तिच्या बाजूनं होतं. मी. पस्तीस वर्षं समजत्ये." चहा उतू गेला, त्यांनी पुसला. "अकरा दिवस राहत्ये तिच्याकडे. बारावा दिवस राहिले तर तोंडातून निघेल. म्हणून विमान अकराव्या दिवशी."

मग माझ्याकडे वळल्या. "टीव्हीवरच्या पोरीला सगळे सैतान म्हणतात. म्हणूदेत. मला तिच्या तोंडात ते घालवत नाही. पण तुझं खोटं आठ दिवसांचं आहे. ताजं आहे. पल्लवीला सांग."

त्या क्षणीसुद्धा माझ्या मनात आलं ते हेच की यांना पल्लवीचीच काळजी. मी म्हणाले, "आधी तुम्ही सांगा. अक्काला."

असं बोलून मी सुटले असं मला वाटलं होतं. पस्तीस वर्षं न सांगितलेलं कोण सांगतंय?

शुक्रवारी सकाळी मी नाश्त्याची ताटली विसळत होते. बाई आल्या, ओट्यावर फोन ठेवला, स्पीकर लावला आणि नंबर दाबला.

"बोल गो मंदा," पलीकडून आवाज आला. "आज सकाळीच?"

माझ्या हातातली ताटली तशीच राहिली. पासपोर्टवर बाईंचं नाव वेगळं होतं, आम्हाला तेवढंच माहीत.

"अक्का, नानांना तरीवरचं मी सांगितलं होतं. फॉर्मचं माहीत असून नाही सांगितलं."

पलीकडे कुकरची शिट्टी. बऱ्याच वेळानं दुसरी.

"कुकर झाला गो," अक्का म्हणाली. "ठेवत्ये."

फोन बंद झाला. बाई फोनकडे बघत उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "भाताला ती तीन शिट्ट्या काढते. दोनच झाल्या होत्या."

त्या दिवशी त्यांनी सहा वेळा फोन लावला. दुसऱ्या दिवशी चार वेळा. अक्कानं उचलला नाही. बाईंनी मला एकदाही विचारलं नाही, तू कधी सांगतेस. त्यांनी विचारावं, मग मी काहीतरी कारण द्यावं, असं मी रोज ठरवून उठायचे. त्या चहा करायच्या, ड्युटीला जायच्या. मालिका आमच्याकडे पुन्हा लागली नाही. तिचं पुढे काय झालं ते मला ठाऊक नाही.

ईदच्या सुट्टीत मी पल्लवीला सांगितलं. खोलीत आम्ही दोघीच होतो, ती कपड्यांच्या घड्या घालत होती. सगळं सांगितलं, गच्चीपर्यंत. ती घड्या घालत राहिली. शेवटी तिनं एकच विचारलं.

"ताई, डबल ड्युटीचं तुला माहीत होतं ना?"

"हो."

त्या घड्या तिनं कपाटात ठेवल्याच नाहीत. बॅगेत ठेवल्या.

मग मी अप्पांनाही फोन केला. तेही माझ्याच तोंडानं सांगायला हवं होतं. अप्पा ऐकत होते आणि एकाएकी रडायला लागले. म्हातारं माणूस तोंड न झाकता रडतं तसे. "माझ्या पल्लूला मी काय काय बोललो," एवढंच पुन्हा पुन्हा. मी फोन कानाला लावून उभी. मी केवढं मोठं पाप कबूल केलं होतं, आणि ते रडत होते तिच्यासाठी. रागसुद्धा माझ्या वाट्याला आला नाही. आणि खरं सांगते, तेव्हाही मला तिचा हेवाच वाटला.

पल्लवीनं एगैलाला एक छोटा फ्लॅट पाहिला. महिन्याअखेरीस बाईंनीही सामान बांधलं. देवघर, बरण्या, मार्कर.

"तुम्ही कुठं?" मी विचारलं.

"तिच्याबरोबर. पोर एकटी कशी राहील? हा फ्लॅट मी तुझ्या नावावर करून देत्ये."

"आणि मी?"

बाई बरणीला कागद गुंडाळत होत्या. "तू खरं बोललीस. खरं बोलणाऱ्याला थोडे दिवस एकटं राहावं लागतं गो. मी नाही राहत्ये?"

"तुम्ही कुठं एकट्या? तुम्हाला पल्लवी आहे."

हे मी इतकं चिरक्या आवाजात बोलले की नाशिकची दारात येऊन बघून गेली. बाईंनी बरणी खोक्यात ठेवली, खोक्यावर तारीख घातली.

पुढची दोन वर्षं मी त्या दोघींना फोटोंत पाहिलं. पल्लवी-जोबीच्या लग्नाचे फोटो सांगलीच्या मुलीनं दाखवले. अप्पा आले नव्हते. मनातलं सगळं गेलं तरी ख्रिश्चन जावयाला त्यांना अजून वेळ हवा होता. पण रोज रात्री जेवायच्या आधी ते पल्लूला फोन करायचे. फोटोत पल्लवीच्या उजव्या हाताला, जिथं बहीण उभी राहते तिथं, बाई होत्या. मोती रंगाची साडी, गळ्यात एकदाणी. मी तो फोटो बोटांनी मोठा करकरून पाहिला. बाकीच्या दोघीही दुसरीकडे राहायला गेल्या होत्या, फ्लॅटमध्ये मी सोफ्यावर हवं तिथं बसू शकत होते. भात मी एकटीपुरता करायचे, त्याला खरवड धरत नाही.

गेल्या हिवाळ्यात बाईंचा फोन आला. दोन वर्षांत पहिला.

"पल्लवीला मुलगी झाली. आज बारा दिवस. ये."

"तिनं बोलावलंय?"

"मी तिला सांगितलंय, मी तुला बोलावत्ये म्हणून. ती नाही म्हणाली नाही."

"बाई," मी विचारलं, "अक्का?"

"शुक्रवारी लावत्ये अजून. पूर्ण रिंग होते. मध्ये कापत नाही ती." मग म्हणाल्या, "एकीचं दार तरी उघडूदे. ये तू."

मी टॅक्सीनं गेले. वाटेत दोनदा ड्रायव्हरला गाडी वळव म्हणणार होते. मॉलमधून बाळासाठी झबलं घेतलं होतं, ते मांडीवर धरून जिना चढले. पल्लवीनं दार उघडलं. केस ओले, चेहरा सुजलेला, अंगावर बाईंच्या अक्कानं शिवलेला असावा तसला सुती गाऊन. तिनं माझ्याकडे पाहिलं. ताई म्हणाली नाही.

"आत्ताच झोपलीय. आवाज करू नको," म्हणाली आणि बाजूला झाली.

आत बाई पलंगावर भिंतीला टेकून बसल्या होत्या, बाळ त्यांच्या मांडीवर. दोन वर्षांत त्या फार म्हाताऱ्या झाल्या होत्या. बाळ एवढंसं, काळंसावळं, कपाळावर जावळ. कुणीतरी सांगायला हवं होतं की ते थेट माझ्यासारखं दिसतं. कुणी सांगितलं नाही. मी पलंगाच्या कडेला उभी राहिले. बाईंचे हात त्या पोरीच्या अंगाखाली होते, आणि मला तिथं, त्या घरात, जी काय एक गोष्ट हवी होती ती त्यांच्या मांडीवर होती. जुनीच कळ छातीत उठली. या वेळी मी ती गिळली नाही.

"मला द्या ना," मी म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा मी काही असं तोंडानं मागितलं.

बाईंनी दिली नाही. त्यांनी पल्लवीकडे पाहिलं. पल्लवी दारात उभी होती, टॉवेलनं केसांचं टोक पिळत. बराच वेळ पिळत होती.

"दे तिला," ती बाईंना म्हणाली. मग माझ्याकडे न बघता, "मानेखाली हात घाल."

मी चौदा वर्षं नर्स आहे. मी मानेखाली हात घातला.